कुत्र्यांवरील गोचीड आणि पिसवा : औषध कोणत्या क्रमाने, कुठे आणि किती दिवस

दुकानातून औषध आणले, कुत्र्याच्या मानेवर सोडले, आठवडा बरा गेला आणि पंधरवड्यात कानाच्या पाळीला पुन्हा गोचीड लटकलेले दिसले, ही तक्रार इतक्या घरांतून ऐकू येते की औषधातच भेसळ असावी असे कोणालाही वाटेल. बहुतेक वेळा औषध ठीक असते. एक तर क्रम चुकलेला असतो, नाही तर काम अर्ध्यावर सोडलेले असते.

पुढचे सर्व टप्पे एकाच गोष्टीवर उभे आहेत, म्हणून ती आधी नीट समजून घ्यावी. आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांना सर्वाधिक त्रास देणारा तपकिरी गोचीड कुत्र्यावर राहत नाही. तो घरात राहतो आणि कुत्र्यावर फक्त जेवायला येतो. अंड्यातून निघालेली सहा पायांची बारीक अवस्था, तिच्यानंतरची आठ पायांची लहान अवस्था आणि शेवटी प्रौढ गोचीड, अशा तीन वेळा तो कुत्र्यावर चढतो आणि दर वेळी रक्त पिऊन झाल्यावर खाली उतरून एखाद्या फटीत दडतो. पोट भरलेली एक मादी अशा फटीत साधारण 4000 अंडी घालते आणि मरते. पिसवांची तऱ्हा वेगळी. मोठी पिसू कुत्र्याच्या केसांतच राहते, पण दिवसाला 40 ते 50 अंडी घालते आणि ती अंडी मिठाच्या कणांसारखी गादीवर, सतरंजीवर, गाडीच्या सीटवर गळत राहतात. दोन्ही बाबतींत आपल्याला कुत्र्यावर दिसतो तो एकूण पसाऱ्याचा लहानसा भाग असतो.

टप्पा 1 : नेमके काय झाले आहे ते पाहणे

कुत्र्याला उजेडात, फरशीवर किंवा पांढऱ्या चादरीवर उभे करावे आणि केस उलटे सारत बोटांनी कातडी चाचपावी. गोचीड शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: कानाच्या आत व मागे, पापण्यांच्या कडेला, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या खाली आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत. बोटांच्या बेचक्या बहुतेकजण तपासत नाहीत, आणि नेमके तिथेच चार-पाच सापडतात. रक्त प्यालेली मादी एरंडाच्या बीएवढी, राखाडी आणि टम्म असते. नर आणि उपाशी गोचीड मात्र तिळासारखे चपटे व तपकिरी असल्यामुळे काळ्या केसांत हाताला लागले तरच कळतात.

पिसवांसाठी उवा-लिखांची बारीक दातांची फणी घ्यावी आणि शेपटीच्या मुळापासून पाठीवर चार-सहा वेळा फिरवावी. फणीत मिरपुडीसारखे काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर टाकावेत. भोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. डाग पसरला नाही, तर ती धूळ आहे.

तपासून घ्या: पोटावरची स्तनाग्रे आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावरचे चामखीळ गोचीड समजून ओढले जातात. गोचिडाला कातडीलगत पाय दिसतात. पाय दिसले नाहीत, तर हात लावू नये.

टप्पा 2 : वजन, वय आणि औषधाची निवड

औषध आणण्यापूर्वी कुत्र्याचे आजचे वजन माहीत असले पाहिजे. घरातल्या वजनकाट्यावर आधी कुत्र्याला उचलून आणि मग एकट्याने उभे राहावे. वजाबाकी केली की वजन मिळते. या औषधांचे पाकीट वजनाच्या टप्प्यांनुसार ठरते, त्यामुळे मागच्या वर्षीचे पाकीट पाहून तसेच दुसरे आणणे ही पहिली चूक होते, विशेषतः वाढत्या पिल्लाच्या बाबतीत. मोठ्या कुत्र्याचे पाकीट आणून दोन लहान कुत्र्यांत वाटून टाकणे ही दुसरी. त्यात कोणाला किती औषध गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

पशुवैद्याकडे जाताना पाच गोष्टी सांगाव्यात: वय, वजन, कुत्री गाभण आहे की पाजती, कधी फिट आली होती का, आणि घरात मांजर आहे का. निवड या उत्तरांवर ठरते.

पोटात देण्याच्या चघळायच्या गोळ्यांपैकी अफॉक्सोलॅनरची गोळी महिन्याला एक द्यायची असते, तर फ्लुरालॅनरचा परिणाम सुमारे 12 आठवडे टिकतो. आंघोळीचे किंवा पावसात भिजण्याचे या गोळ्यांना वावडे नाही, म्हणून कोकणातल्या आणि समुद्राकाठच्या कुत्र्यांना त्या सोयीच्या पडतात. मात्र या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणे किंवा झटके असे त्रास होऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिली होती; फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. दुसरे म्हणजे, या गोळीचे औषध रक्तात असते, त्यामुळे गोचीड चावल्यावरच मरतो. गोळी दिल्यानंतर एखादा चिकटलेला गोचीड दिसला, म्हणजे गोळी खोटी निघाली असे नव्हे.

मानेवर सोडायच्या थेंबांमध्ये फिप्रोनिल सर्रास मिळते. परमेथ्रिनयुक्त थेंब किंवा डेल्टामेथ्रिन व फ्लुमेथ्रिनचे औषधी पट्टे गोचिडाला मारतात आणि त्याआधी चिकटू देण्यातही अडथळा आणतात. गोचिडांचा सुळसुळाट असलेल्या भागात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एर्लिकिया या आजाराचे जंतू गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतात. अशा ठिकाणी गोळी आणि पट्टा दोन्ही लागतात का, हे डॉक्टरांना विचारावे. दोन औषधे आपल्या मनाने एकत्र करू नयेत.

सावधान: परमेथ्रिन मांजराला जीवघेणे ठरते. मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही, आणि नुकतेच थेंब सोडलेल्या कुत्र्याला चाटल्याने किंवा त्याच्याजवळ झोपल्यानेही मांजराला विषबाधा होते. घरात मांजर असेल, तर परमेथ्रिन आणूच नये हे उत्तम.

गावाकडे गोठ्यातली गोचीडनाशकाची बाटली कुत्र्यासाठीही वापरली जाते, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. त्या बाटलीत बहुधा अमित्राझ, डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असते आणि तिच्यावर छापलेले प्रमाण गाई-म्हशींचे असते. गाय अंग चाटते, पण कुत्रा तर ओला झाल्याबरोबर सगळे अंग चाटून काढतो. अमित्राझचे पाणी कुत्र्यांसाठीही वापरतात, पण त्याचे प्रमाण पशुवैद्याने लिहून दिलेले असावे, पाणी त्या वेळीच तयार केलेले असावे, आणि मधुमेही कुत्रा, गाभण कुत्री व लहान पिल्लू यांना ते लावू नये. शेतातल्या पिकांवरची कीटकनाशके, रॉकेल, डिझेल, तंबाखूचे पाणी आणि फिनेल यांतले काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नये. गोचीड त्याने मरतही असतील, पण कातडी भाजते आणि चाटलेले विष पोटात जाते.

चुकून असे काही लावले गेले आणि कुत्रा लाळ गाळू लागला, थरथरू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन बाटलीसह डॉक्टरांकडे न्यावे. बाटली बरोबर हवीच, कारण उपचार तिच्यावरच्या नावानुसार ठरतो.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला दुकानातले कोणतेही औषध थेट लावू नये. फणीने पिसवा काढाव्यात, कोमट पाण्याने व सौम्य साबणाने आंघोळ घालावी, लगेच कोरडे करावे आणि हिरड्या पाहाव्यात. अंगावर खूप पिसवा असलेल्या पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, तर त्याच्या अंगातले रक्त कमी झाले आहे आणि त्याला त्याच दिवशी दाखवले पाहिजे.

टप्पा 3 : चिकटलेले गोचीड काढणे

लागणाऱ्या वस्तू आधी जवळ मांडाव्यात: टोकदार चिमटा, रबरी हातमोजे, झाकणाची छोटी बाटली, तिच्यात स्पिरिट किंवा साबणाचे दाट पाणी, आणि जखमेसाठी जंतुनाशक. कुत्र्याला धरायला दुसरे माणूस असावे.

गोचिडाच्या फुगलेल्या पोटाला नव्हे, तर कातडीला अगदी लागून, तोंडाजवळ चिमट्याने पकडावे. मग सरळ वर, एकसारख्या संथ ताणाने ओढावे. झटका देऊ नये आणि पिळू नये. सुटलेला गोचीड लगेच बाटलीत टाकावा. तोंडाचा तुकडा कातडीत राहिलाच, तर सुईने टोकरत बसू नये. जागा स्वच्छ ठेवावी, तो बहुधा आपोआप बाहेर पडतो. सूज वाढली किंवा पू झाला तर दाखवावे.

पेटती काडी टेकवणे, तेल किंवा व्हॅसलीन फासणे आणि चुना लावणे या जुन्या युक्त्यांनी गोचीड सुटायला वेळ लागतो, आणि डिवचलेला गोचीड जखमेत अधिक लाळ सोडू शकतो. जंतू त्या लाळेतूनच जातात. नखावर ठेवून चिरडणे किंवा पायाखाली रगडणे हेही तितकेच वाईट.

अंगावर पन्नास-शंभर गोचीड असतील, तर सगळे हाताने काढायचा हट्ट धरू नये. कान, डोळे आणि बोटांतले मोठे काढावेत. बाकीचे औषधाने गळतात.

टप्पा 4 : आंघोळ

आंघोळीचा हेतू अंगावरच्या पिसवा आणि घाण काढणे एवढाच आहे. गोचिडाच्या शाम्पूचा असर फेस धुतला की संपतो, त्यामुळे दर रविवारी शाम्पू लावतो म्हणजे संरक्षण झाले, हा समज सोडून द्यावा.

साबण लावायला मानेपासून सुरुवात करावी. मानेभोवती फेसाचे जाड कडे केल्याशिवाय पाठीवर पाणी ओतले, की पिसवा पाण्यापासून पळत कानांत आणि डोळ्यांभोवती गोळा होतात. कडे झाल्यावर मागे सरकावे, फेस पाच ते दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा, मग धुऊन केस मुळापर्यंत कोरडे करावेत. दाट केसांच्या कुत्र्याला पावसाळ्यात पंख्याखाली बसवूनही तास-दीड तास लागतो.

क्रमातली सर्वांत मोठी चूक इथे होते. आंघोळ आणि फिप्रोनिलसारखे मानेवरचे थेंब यांच्यात दोन्ही बाजूंनी किमान 48 तासांचे अंतर लागते. हे औषध कातडीवरच्या नैसर्गिक तेलातून अंगभर पसरते, आणि साबणाने ते तेलच धुऊन जाते. आमच्या घरी पहिल्या वर्षी सकाळी आंघोळ, दुपारी थेंब असा ‘स्वच्छ’ क्रम पाळला गेला आणि तिसऱ्या आठवड्यात दिवाणखान्यातल्या तसबिरीच्या मागून गोचीड बाहेर आले. तेव्हापासून शुक्रवारी सकाळी आंघोळ आणि रविवारी औषध, असा नेम आहे. पोटात गोळी द्यायची असेल, तर या अंतराची गरज नाही.

टप्पा 5 : औषध देणे

थेंब सोडताना कुत्रा उभा असावा. खांद्यांच्या पात्यांमध्ये, जिथे त्याची जीभ पोचत नाही, तिथे केस दोन बाजूंना सारून कातडीची पांढरी रेघ दिसू द्यावी आणि नळीचे टोक कातडीला टेकवून पिळावे. औषध केसांवर ओघळले तर ते वाया गेले असे समजावे. मोठ्या कुत्र्यासाठी पाकिटावर एकाहून अधिक जागा सांगितल्या असतील, तर त्या पाळाव्यात. जागा वाळेपर्यंत लहान मुलांना कुरवाळू देऊ नये, आणि घरात एकाहून अधिक कुत्री असतील तर एकमेकांना चाटू देऊ नये.

गोळी असेल तर सोबतची सूचना वाचावी. फ्लुरालॅनर जेवणाबरोबर द्यावे लागते, कारण रिकाम्या पोटी ते नीट शोषले जात नाही. गोळी दिल्यावर कुत्र्याने ती कोपऱ्यात जाऊन थुंकली नाही ना, हे पाच मिनिटे पाहावे.

औषधी पट्टा मानेत आणि पट्ट्यात दोन बोटे जातील इतका घट्ट असावा. नुसता माळेसारखा लोंबणारा पट्टा काम करत नाही. तो कातडीला लागला पाहिजे.

तपासून घ्या: घरातल्या सर्व कुत्र्यांना त्याच दिवशी औषध मिळाले का? एकाला ‘काही दिसत नाही’ म्हणून वगळले, की तोच सगळ्यांचा अन्नदाता होतो. मांजरांवर पिसवा असतील तर त्यांनाही, पण मांजरांसाठीचेच औषध द्यावे.

टप्पा 6 : घर, त्याच दिवशी

हा टप्पा वगळला जातो किंवा ‘पुढच्या सुट्टीत करू’ म्हणून ढकलला जातो. तोपर्यंत फटींतली पुढची पिढी अंगावर चढलेली असते.

पिसवा खाली आणि गोचीड वर, हे लक्षात ठेवून घर दोन भागांत पाहावे. पिसवांच्या अळ्या उजेड टाळतात, त्यामुळे त्या सोफ्याच्या उशांखाली, पलंगाखालच्या धुळीत, सतरंजीच्या विणीत आणि अंगणातल्या सावलीच्या ओलसर मातीत असतात. तपकिरी गोचिडाचा कल वर चढण्याकडे असतो: खिडकीची चौकट, पडद्याची वरची दुमड, तसबिरींची मागची बाजू, वीजबटणांच्या पेटीची कडा, छत आणि भिंत यांचा सांधा. फरशी तीनदा पुसली आणि छताकडे एकदाही पाहिले नाही, असे बहुतेक घरांत होते. जांभ्या चिऱ्याच्या न गिलावलेल्या भिंती, पत्र्याची शेड आणि जिन्याखालची अडगळ या त्याच्या आवडीच्या जागा आहेत.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी कुत्र्याची गोधडी, गोणपाट, उशीचे अभ्रे असे सर्व कापड गोळा करून, न झटकता, पिशवीत भरून न्यावे आणि कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. झटकले की अंडी घरभर पसरतात. जुने गोणपाट धुण्यापेक्षा टाकून द्यावे. त्यानंतर व्हॅक्यूम क्लीनरने फरशीचे सांधे, सोफ्याच्या खोबणी आणि भिंतींच्या कडा ओढून घ्याव्यात, आतली पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाकावी. व्हॅक्यूम नसेल, तर ओल्या फडक्याने टिपावे आणि फडके साबणाच्या गरम पाण्यात बुडवावे. कोरड्या केरसुणीने धूळ उडते आणि काम वाढते. मग फटींत फवारणी, आणि ती वाळल्यावर काही दिवसांनी पांढऱ्या सिमेंटने फटी बुजवणे. फटी बुजवणे कंटाळवाणे आहे, पण टिकाऊ उपाय तोच.

फवारणी स्वतः करायची असो की कीडनियंत्रणाच्या माणसांकडून, औषध घरात वापरायचे आहे याची खात्री करावी. पिसवा असतील, तर अळ्यांची वाढ रोखणारे पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन त्यात आहे का, हे विचारावे. फवारणी वाळेपर्यंत मुले, कुत्री, मांजरे बाहेर असावीत. मासळ्यांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद करावा किंवा टाकी हलवावी, कारण फवारणीत वापरली जाणारी औषधे माशांना फार घातक असतात.

पिसवांच्या कोशात मात्र कोणतेही फवारे नीट पोचत नाहीत. कोशातली पिसू काही महिने गप्प पडून राहते आणि पावलांचा कंप, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी घेते. मे महिन्यात महिनाभर बंद असलेले घर उघडले आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांचे घोटे फोडून निघाले, याचे कारण हेच. म्हणून फवारणीनंतर दोन आठवडे रोज व्हॅक्यूम किंवा पुसणे चालू ठेवावे. त्या काळात पिसवा दिसल्या तर फवारणी फसली असे मानू नये. कोश रिकामे होत आहेत.

सावधान: औषध दिलेल्या कुत्र्याला घराबाहेर किंवा गच्चीवर बांधून ठेवू नये. फवारणी वाळल्यावर त्याने नेहमीच्याच जागी झोपावे. फटीतले उपाशी गोचीड आणि नव्या पिसवा त्याच्या अंगावर चढतात आणि मरतात. तो दिसला नाही, तर पिसवा माणसांकडे वळतात आणि गोचीड महिनोन्‌महिने उपाशी वाट पाहत बसतात.

टप्पा 7 : तीन महिन्यांचे वेळापत्रक

उबदार हवेत तपकिरी गोचिडाची पिढी साधारण दोन-तीन महिन्यांत पुरी होते, आणि अंडी फुटायलाच दोन ते पाच आठवडे लागतात. एकदा औषध देऊन पाहू, हा विचार म्हणूनच टिकत नाही. औषध पाकिटावरच्या अंतराने किमान तीन महिने सलग द्यावे आणि फटींची फवारणी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करावी. दिनदर्शिकेवर औषधाची तारीख, कुत्र्याचे वजन आणि त्या आठवड्यात सापडलेल्या गोचिडांचा आकडा लिहावा. आकडा उतरत असेल, तर एखाद-दुसऱ्या गोचिडाने घाबरू नये. सहा आठवड्यांनंतरही तो उतरत नसेल, तर घरात न सापडलेली एखादी जागा आहे असे समजून वरच्या बाजूपासून शोध घ्यावा.

तीन महिन्यांनंतर थांबायचे का? आपल्या हवेत थांबू नये, असे माझे मत आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत त्रास वाढतो हे खरे, पण घरात राहणारा हा गोचीड उन्हाळ्यातही जोरात असतो, आणि मुंबई-पुण्यात तो थांबावा अशी थंडी पडत नाही.

इमारतीच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये भटकी कुत्री झोपत असतील, तर त्या जागेच्या फटींचीही फवारणी सोसायटीकडून करून घ्यावी. कुत्र्यांना हाकलून उपयोग होत नाही. फटीतले गोचीड तिथेच राहतात. त्या कुत्र्यांना खाऊ घालणारे कोणी असेल, तर पशुवैद्याला विचारून त्यांच्या खाण्यातून गोळी देता येते.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात, आणि गोव्यात सत्तरीकडे राहणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. तिथे माकडतापाचा (माणसांना होणाऱ्या विषाणूजन्य तापाचा) फैलाव करणारा गोचीड जंगलातला आहे, घरातला नव्हे. काजूच्या बागेत किंवा रानात कुत्र्याला नेले असेल, तर घरात घेण्यापूर्वी अंगणातच त्याला आणि स्वतःच्या कपड्यांना तपासावे.

कधी थेट डॉक्टरांकडे जावे

गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत कुत्रा खाणे सोडतो, अंग तापते, हिरड्या फिक्या पडतात, पोटावर लाल ठिपके येतात किंवा नाकातून रक्त येते, तर ते एर्लिकियाचे लक्षण असू शकते. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर बबेसियाचा (गोचिडातूनच येणाऱ्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणाऱ्या दुसऱ्या आजाराचा) संशय घ्यावा. अशा वेळी आंघोळ, फणी, फवारणी यांत वेळ न घालवता रक्ताची तपासणी करून घ्यावी. प्लेटलेटची संख्या त्या अहवालात नक्की पाहायला सांगावी. एर्लिकियासाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन साधारणपणे 28 दिवस चालते, आणि चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला म्हणून ते बंद करणाऱ्यांची कुत्री काही महिन्यांनी अधिक आजारी होऊन परत येतात. तपासणीला जाताना गोचीड ठेवलेली बाटली आणि दिनदर्शिकेवरच्या तारखा बरोबर न्याव्यात. शेपटीजवळ तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले असतील, तर तेही सांगावे: कुत्र्याने चावताना पिसू गिळली, की पोटात पट्टकृमी होतो आणि त्याचे औषध वेगळे असते.